आपोआप फिरणारा बाण

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज कॉम्प्युटर बोंबलला. दुसरा शब्द नाही. एका मुलाचा बायोडाटा उतरवून घ्यायला कुठलंसं पान उघडलं आणि अख्खा पडदा लालभडक झाला. भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत तेच ते बोलायला लागली. मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बंद करू नका, बंद केलात तर सगळं पुसलं जाईल, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा.

सगळं पुसलं जाईल हे वाचून मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. हे वधू-वर मंडळ मी पुढच्या खोलीत बसून एकटीनं उभं केलंय. अक्कलकोटपासून मंगळवेढ्यापर्यंतची आमच्या लिंगायत समाजातली स्थळं त्या एका डब्यात आहेत. फोटो, पत्ते, फोन नंबर. आणि आईबापांनी विश्वासानं कानात सांगितलेल्या गोष्टी, त्या मी प्रत्येकाच्या पानाखाली लिहून ठेवते. तेवढं ठेवावंच लागतं, नाहीतर कुणाचं कुणाशी जुळेल हे सांगायचं कशावरून?

घरात कोणी नव्हतं. हे सिद्धेश्वराला गेलेले, सून सोनाली टॉवेलच्या कारखान्यात, तिच्या ऑफिसला. नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस इतका शांत बोलला की माझा जीव भांड्यात पडला. नाव आनंद. बोलणं हिंदी, मधे एखादा मराठी शब्द. "माताजी, आप बैठिए, पानी पीजिए, मैं हूँ ना." त्यानं सांगितलं तसं एक सॉफ्टवेअर उतरवलं, त्यावर आलेले आकडे त्याला वाचून दाखवले, शेवटी ‘हो’ दाबलं. आणि बाण आपोआप फिरायला लागला. मी माउस सोडून हात मांडीवर ठेवले होते. शेजारणीनं न सांगता येऊन घर झाडून द्यावं, तसं वाटलं.

वर्षाची फी मंडळाच्या खात्यातून भरली. दुपारचा कॉम्प्युटर चालूच ठेवा म्हणाला, सफाई थोडी थोडी होत राहील. ह्यांना काही सांगितलं नाही. ते उगाच काळजी करत बसतात.

५ फेब्रुवारी

सोनाली सकाळी चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत आली. तिला तिच्या ऑफिसचं काहीतरी छापायचं होतं.

"आत्या, हे नवीन काय आलंय कॉम्प्युटरवर?"

"मी घेतलंय. व्हायरससाठी."

"कुणी सांगितलं घ्यायला?"

"कंपनीनं."

"कुठल्या कंपनीनं?"

मला राग आला. म्हटलं, तुला काय करायचंय. ती तिथंच उभी राहिली. म्हणाली, आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी कुणीतरी असाच अनोळखी माणूस आत घेतला आणि सगळ्या फायली अडकून बसल्या, तेव्हापासून आम्हाला शिकवायला माणूस येतो. मग पडद्याच्या कडेला मी पासवर्डाची चिठ्ठी चिकटवली होती ती अलगद काढली आणि माझ्या हातात दिली. "हे असं उघड्यावर नको. आणि सगळ्याला एकच पासवर्ड ठेवलाय तुमी. मेलला तोच, बँकेला तोच. बदला की."

सगळ्याला एकच आहे हे तिला कसं कळलं? विचारायचं राहून गेलं.

१० फेब्रुवारी

आनंदचा फोन. दुपारी जेवणं झाल्यावर करतो, तेव्हा मी रिकामी असते हे त्यानं बरोबर ओळखलंय. आधी तब्येत विचारली. गुडघ्याचं सांगितलं तर त्याच्या आईलाही तेच दुखणं आहे म्हणाला.

मग म्हणाला, माताजी, राग मानू नका, पण हा व्हायरस बाहेरून आलेला दिसत नाही. घरातल्याच कुणीतरी काहीतरी उघडलंय. तुमच्याशिवाय कोण बसतं कॉम्प्युटरवर?

मी सोनालीचं नाव घेतलं. घेतलं आणि थांबता आलं नाही. समाजभराची लग्नं मी जुळवते आणि माझ्या शिवूनं पुण्यात शिकताना आपली आपण पसंत केली, सांगोल्याची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण नवीन स्थळ घेऊन आले की भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडं बघतात. शिवू पुण्यात नोकरीला, शनिवारचा येतो, आणि ही इथं माझ्या घरात. कामाला वाघ, उलटून बोलत नाही, पण तिच्या मनात काय चालतं ते मला कळत नाही. हे सगळं मी कधी कुणाला बोलले नव्हते. आनंद मधे मधे "समझता हूँ" म्हणत राहिला.

फोन ठेवला तेव्हा हलकं वाटत होतं.

१४ फेब्रुवारी

मंगळवेढ्याहून शांतम्मा आणि तिची भुवनेश्वरी आल्या होत्या. होटगी रोडच्या घराशी पक्कं झालं. मुलगा सिद्धराम, कॉलेजात शिकवतो, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. साखरपुडा पाडव्याच्या आधी करायचा.

भुवनेश्वरी गुणी मुलगी, शाळेत शिक्षिका आहे. लहानपणी तिला फिट यायच्या. गोळ्या बंद होऊन बरीच वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात बरी झाली. शांतम्मानं मला नाव नोंदवतानाच सांगितलं होतं आणि मी तिच्या पानाखाली लिहून ठेवलंय.

आज भुवनेश्वरी म्हणाली, "मावशी, मी सिद्धरामला सांगू का? नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं की."

शांतम्मा म्हणाली, "गप. झालेलं, गेलेलं उकरून काढू नको."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी शांतम्माच्या बाजूनं बोलले. म्हटलं, लग्न होऊ दे, माणसं एकमेकांची झाली की सांग, तेव्हा काही वाटत नाही. ती पेढा हातात घेऊन बसली होती, तो तिनं खाल्ला की नाही ते मी बघितलं नाही.

२० फेब्रुवारी

कॉम्प्युटरवर दोनदा अशा फायली उघड्या सापडल्या की ज्या मी उघडल्या नव्हत्या. मुलींच्या. आज सोनाली ऑफिसला जायच्या आधी पुढच्या खोलीत होती, म्हणाली छत्री शोधतेय. फेब्रुवारीत छत्री. उन्हाला लागते म्हणाली.

आनंदला सांगितलं. तो म्हणाला, माताजी, मला तुमच्या घरात भांडण लावायचं नाही. पण सूनबाईंचं खातं ह्या कॉम्प्युटरवरून काढून टाकू, म्हणजे त्यांच्यावर आळ यायलाच नको. किती विचारी माणूस. काढून टाकलं.

संध्याकाळी सोनालीला कळलं. "माझं का काढलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हा मंडळाचा कॉम्प्युटर आहे. ती म्हणाली, "आत्या, तो माणूस कोण हाय ते एकदा मला बोलू द्या त्याच्याशी." मी नाही म्हटलं. शिवूलाही तिनं फोनवर सांगितलं असावं, कारण त्यानं मला विचारलं. त्यालाही म्हटलं, बाबा, तुम्ही तुमचं बघा.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

देवळात तोबा गर्दी. ह्यांच्यासोबत उभी राहिले, पण मनापासून हात जोडले गेले नाहीत. कशामुळं ते कळेना.

१ मार्च

शांतम्माचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तिचा आवाज ओळखू येईना.

भुवनेश्वरीच्या मोबाईलवर तिचाच फोटो आलाय, मी मंडळासाठी घेतलेला, हिरव्या साडीतला. खाली लिहिलंय, फिटच्या गोळ्या कधीपर्यंत घेत होतीस? होटगी रोडवाल्यांना माहीत आहे का? पैसे नाही दिलेस तर आम्ही सांगू. होटगी रोड असं नाव घेऊन.

"ही गोष्ट मला माहीत, डॉक्टरला माहीत आणि तुम्हाला माहीत, दाक्षाक्का. चौथं कोण?"

मी म्हटलं, शांतम्मा, मी जीव गेला तरी बोलणार नाही. ती म्हणाली, "मग तुमच्या घरातलं कुणी बोललं असेल." आणि रडायला लागली.

मी लगेच आनंदला फोन लावला. मला दुसरं कोणी सुचलंच नाही. तो म्हणाला, "माताजी, मैंने कहा था ना." पोलिसात जाऊ नका म्हणाला, गेलात तर सगळ्या मुलींची नावं बाहेर येतील. ते पटलं.

डॉक्टर बोलणार नाही. शांतम्मा स्वतःच्या लेकीवर असं ओढवून घेणार नाही. राहिले मी, आणि माझा कॉम्प्युटर. त्याला हात लावणारी घरात दुसरी एकच.

२ मार्च, रविवार

बोलले. हे समोर होते, शिवू शनिवारचा आलेला, तोही होता. मी म्हटलं, एका मुलीचं लग्न मोडायला निघालंय, कुणामुळं ते मला माहीत आहे. सोनालीनं आधी कळलं नाही असं बघितलं. मग कळलं.

ती ओरडली नाही. शिवू ओरडला. ती त्याला म्हणाली, "तुमी मधी पडू नका." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आत्या, तुमच्या मुलींची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. मी कधी विचारलं नाही, कारण तुमी सांगितलं नाही."

दुपारी बॅग भरून सांगोल्याला माहेरी गेली. शिवू तिला सोडायला गेला आणि तिकडूनच पुण्याला. जाताना पाया पडला नाही.

हे संध्याकाळी एकदाच म्हणाले, "पुराव्याशिवाय बोललीस." मी म्हटलं, पुरावा काय तिनं ठेवला असता होय? पण जेवण गेलं नाही.

५ मार्च

आजचं आजच लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी आनंदचा फोन, आज मोठी सफाई आहे, कॉम्प्युटर चालू राहू द्या आणि पडदा बंद करून ठेवा. तीन दिवस घर खायला उठलंय, म्हणून दुपारी मी पावट्याच्या शेंगा घेऊन पुढच्या खोलीतच सोलत बसले. पडदा बंद करायला विसरले.

शेंगा सोलता सोलता वर बघितलं तर बाण फिरत होता. मनात आलं, सफाई चाललीय. मग त्यानं ‘मुली’ नावाचं कपाट उघडलं. एक फोटो मोठा केला. तो मिटवून दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती. अक्कलकोटच्या एका मुलीच्या फोटोवर थांबला, चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, तसाच ठेवला. मग तिच्या पानाखालचं मी लिहिलेलं उघडलं. ‘पहिला साखरपुडा मोडलेला. कारण विचारू नये.’ ते निळं झालं. म्हणजे उचलून घेतलं.

झाडणारा माणूस कपाटातली साडी काढून उलगडून बघत बसत नाही.

मला आधी सोनालीचं आठवलं. ती सांगोल्याला होती. घरात मी आणि शेंगा. मग बाण पुढच्या मुलीवर गेला आणि मी उठले, पाटी उपडी झाली, भिंतीतला प्लग ओढून काढला. तरीही पडद्यासमोरून हलता येईना. तो अजून आत असेल असं वाटत राहिलं.

महिनाभर मी त्याला चहापाण्याचं विचारल्यासारखं आत घेतलं. आकडे मी वाचून दाखवले. फी मी भरली. माझ्या सुनेचं नाव मी त्याच्या तोंडात दिलं.

हे आले, सांडलेल्या शेंगा बघून कानडीत म्हणाले, "येन आतु?", काय झालं? मी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा गोळा केल्या. मग म्हणाले, "सांगोल्याची एसटी सकाळी आहे."

६ मार्च

सोनालीचं माहेर गावाबाहेर, डाळिंबाच्या बागेच्या कडेला. लग्नानंतर मी तिथं गेले नव्हते. केराबाई, तिची आई, अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून पदर सारखा केला.

"या की. बसा. पानी घ्या. न कळवता आलासा?"

सोनाली दारात येऊन उभी राहिली. मी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि सगळं बोलून टाकायचं म्हणून आले होते ते एका दमात बोलून टाकलं. की मी तिच्यावर आळ घेतला, की ती चोर नाही, चोर मीच घरात घेतला होता.

केराबाईचे हात थांबले. तिनं लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही म्हनली, ऑफिसला सुट्टी हाय." तिनं हातातला पाला खाली ठेवला. "तुमी माज्या लेकीला चोर म्हनला, व्हय?"

म्हणजे सोनालीनं आईला काही सांगितलंच नव्हतं. माझ्या घरची लाज तिनं इथं झाकून ठेवली होती आणि मीच येऊन उघडी केली.

"व्हय," मी म्हटलं.

केराबाई आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. चहा आला, तो तिनं नाही, सोनालीनं आणला.

"कॉम्प्युटर बंद केला?" सोनालीनं विचारलं.

"प्लग काढला."

"बरं केलं. बँकेला कळवलं?"

ते माझ्या ध्यानातच नव्हतं. ती बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मी तुमच्यासाठी येत नाही, आत्या. त्या मुली कुणाच्या हातात पडल्यात ते बघायला येते."

गाडीत शेजारी बसलो. बँकेत फोन लावून खातं अडकवून ठेवलं. तिच्या मोबाईलवर मेल उघडून दिली, नवा पासवर्ड टाका म्हणाली, आणि मी टाकेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. जुन्या चिठ्ठीवर मीच ‘सगळ्याला हाच’ असं लिहून ठेवलं होतं, ते तेव्हा आठवलं. मग मोबाईलवर आलेला आकडा टाकायला लावला. आता दुसऱ्या कुणी पासवर्ड चोरला तरी हा आकडा लागेल म्हणाली. "हा आकडा कुणी मागितला तर द्यायचा नाही. मी मागितला तरी."

सोलापूर येईपर्यंत ती मोबाईलवर सायबर पोलिसांचा पत्ता शोधत होती.

७ मार्च

सायबर पोलिसांकडं गेलो. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षात, ह्यांच्या जुन्या लुंगीत बांधून. एक तरुण फौजदार बाई होत्या. त्यांनी मधे न तोडता ऐकून घेतलं, मला वाटलं होतं तसं हसल्या नाहीत.

"काकू, पडद्यावर नंबर दाखवून फोन करा म्हणणारी खरी कंपनी नसतेच. तेव्हाच बंद करायचा, नाही झाला तर बटण दाबून धरायचं. काही पुसलं जात नाही."

एवढंच होतं. बटण दाबून धरायचं.

माणूस सापडेल का विचारलं. प्रयत्न करू म्हणाल्या. आवाज कुठून येतो ते सांगता येत नाही, नंबर बदलत राहतात. ज्यांना धमकी आली त्यांनी पैसे देऊ नयेत, मेसेज पुसू नयेत आणि तक्रार स्वतः द्यावी. "पण त्यांना आधी कळायला हवं ना, की त्यांची माहिती गेलीय," असं म्हणून त्या माझ्याकडं बघत थांबल्या.

८ मार्च

सकाळपासून वाद. मी म्हणते, ज्यांना मेसेज आलेत त्यांनाच सांगू. बाकीच्यांना उगाच घाबरवायचं कशाला. सोनाली म्हणते, सगळ्यांना.

"मंडळ बुडेल."

"बुडू द्या."

"तुला काय जातंय बुडू द्या म्हणायला."

ती ताट पुसत होती, ते खाली ठेवलं. "आत्या, तुमच्या पानाखालचं लिहिलेलं कुणाला दाखवलं होतं का तुमी? त्या मुलींना? माझ्याबद्दल असं कुणी लिहून ठेवलं आणि ते चोरीला गेलं, तर मला कळायला नको?" मग हळू म्हणाली, "जे ठेवलंच नाही ते कुणी चोरत नाही. मुलगी कुठल्या गोळ्या घेत होती ते कशाला ठेवायचं कॉम्प्युटरात?"

हे पेपर वाचत होते, पान उलटलं नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "कर फोन."

१२ मार्च

फोन चालू आहेत. रोज थोडे. जास्त होत नाहीत.

आधी मी ‘कॉम्प्युटर बिघडला’ असं सुरू करत होते. सोनालीनं एकदा ऐकलं आणि नुसती उभी राहिली. आता सरळ सांगते, मी फसले, तुमच्या मुलीचा फोटो आणि माहिती चोरीला गेली, धमकी आली तर पैसे देऊ नका, तिला रागावू नका, पोलिसांत चला, मी येते सोबत.

मोडनिंबच्या बाळासोंनी विचारलं, "फोटो होता व्हय आमच्या पोरीचा? कुटं कुटं गेला आसंल?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाय तर कुनाला?" गुरप्पांनी, ज्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं मी जुळवली, शेवटपर्यंत ऐकून न बोलता फोन ठेवला. तो सगळ्यांत जड गेला.

आणि आज अक्कलकोटहून एका आईचा उलटा फोन आला. ज्या मुलीचा चेहरा तो मोठा करून बघत बसला होता, तिची आई. मुलीला मेसेज येऊन आठवडा झाला होता. तिनं घरात सांगितलं नव्हतं, जेवण टाकलं होतं, खोलीचं दार लावून बसायची. माझा फोन झाल्यावर आईनं दारातून सगळं सांगितलं, तेव्हा दार उघडलं. आई म्हणाली, "तुमचा राग लई आला हाय. पण बरं झालं फोन केलासा."

त्यानंतर आणखी बरेच फोन केले.

१९ मार्च

होटगी रोडच्यांनी नकार कळवला. भुवनेश्वरीनं धमकी आली त्याच आठवड्यात जाऊन सिद्धरामला स्वतः सगळं सांगितलं होतं. ते लोक म्हणतात, आजाराचं काही नाही, पण लपवलंत, आणि आता मुलीचा फोटो कुठं कुठं फिरेल कोण जाणे, आम्हाला समाजात राहायचंय. सिद्धराम काय म्हणाला ते कुणी सांगत नाही.

आज भुवनेश्वरी एकटी आली. शांतम्मा माझ्या दारात यायला तयार नाही. मी पाणी दिलं, तिनं घेतलं.

"मावशी, मला माझं पान बघायचंय."

पोलिसांना द्यायच्या आधी सोनालीनं सगळं एका पेनड्राइव्हवर काढून ठेवलं होतं. तिनं तिचा लॅपटॉप आणून समोर ठेवला आणि आत निघून गेली.

भुवनेश्वरीनं मोठ्यानं वाचलं. "‘रंग सावळा, उंची बरी. बोलायला चांगली. स्वभाव थोडा हट्टी. फिट, बोलू नये.’" मग विचारलं, "हट्टी कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं."

तिला हसू आलं, मग ते गेलं. "मी त्या दिवशी इथंच म्हटलं होतं, सांगू का. तुम्ही दोघी नाही म्हणालात. मी आधी सांगितलं असतं तर त्या माणसाकडं मला भिववायला काही उरलंच नसतं."

"हो," मी म्हटलं.

"नकार आला असता तरी माझ्या सांगण्यानं आला असता."

तिनं पोलिसांत तक्रार स्वतःच्या नावानं दिली आहे. एवढ्या घरांतून तशी देणारी ती पहिली. शाळेत कुणी विचारलं तर सांगते म्हणाली, वर्गातल्या मुलींनाही सांगते.

तिच्या डोळ्यांसमोर तिचं पान पुसलं. मग तिला विचारून इतर सगळ्यांच्या खालचं मी लिहिलेलंही पुसायला बसले. कितीजणींचं काय काय लिहिलं होतं. ‘जाड.’ ‘वडील पितात.’ ‘आधीचं प्रकरण.’ पुसायच्या आधी प्रत्येक ओळ वाचावी लागत होती. ती शेजारी बसून होती, वाचत नव्हती, रस्त्याकडं बघत होती. जाताना येते म्हणाली नाही, जाते म्हणाली.

३१ मार्च

काल पाडवा झाला. गुढी उभारली. दरवर्षी ह्या दिवशी फोनला उसंत नसते. ह्यावेळी शिवूचा आला, सोनालीच्या फोनवर. मला द्यायला म्हणाला की नाही ते माहीत नाही, पण तिनं फोन माझ्या हातात आणून दिला. बोललो थोडं.

४ एप्रिल

आज दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला आणि मी उचलला.

"माताजी, कैसी हैं आप? घुटना कैसा है?"

खरं ते लिहिते. आवाज ऐकला आणि पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. गुडघ्याचं विचारणारं तेव्हा दुसरं कोण होतं?

मग तो म्हणाला, कॉम्प्युटर बंद दिसतोय, काळजी वाटली. आणि सूनबाई? अजून त्रास देते का?

शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, किती दिवस मनात म्हणत होते, एकही आठवली नाही. तो "हॅलो, माताजी" म्हणत राहिला. फोन बंद केला, नंबर लिहून घेतला, फौजदार बाईंना कळवला. त्यांनी लिहून घेतला, पण त्यांच्या आवाजावरून कळलं की असे नंबर त्यांच्याकडं ढिगानं आहेत.

सोनाली ऑफिसातून आली तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तिला फोन आल्याचं सांगितलं. मग म्हटलं, मी त्याला फक्त आकडे दिले नाहीत, तुझ्याबद्दलही सांगत होते. रोज दुपारी. तिनं विचारलं, काय? मी सांगायला लागले. मेंढरं राखणाऱ्यांचं घर म्हटलं ते सांगितलं. लोक फोटोकडं बघतात म्हणून मला लाज वाटते म्हटलं, ते सांगितलं. तेव्हा ती गॅस बंद करून गच्चीवर निघून गेली.

मी तिथंच बसून राहिले. हे आले, बघून परत बाहेर गेले.

अंधार पडायला लागला तेव्हा ती खाली आली. डोळे पुसलेले होते. तिनं दिवा लावला, समोर पाट ओढून बसली.

"अजून काय सांगितलं?"

मी उरलेलं सांगितलं.